पिंपाखालच्या बाटल्या

काका: लॅपटॉप उघडू नकोस गं अजून. जरा थांब.

पुतणी: काका, मुलाखत आहे, तालीम नाही. मुलाखत घेणाऱ्या बाई वेळेच्या पक्क्या आहेत. आणि तुम्ही असे दारात उभे राहिलात तर कॅमेऱ्यात अर्धे दिसाल. आत या, नाहीतर बाहेर जा.

काका: आत येतो. दार लावून घेतो. काकूच्या कानावर जायला नको.

पुतणी: काय झालं? रंगशाळेत काही सांडलं का?

काका: छे, छे. सुताच्या लडी वाळत घातल्यात, हौद धुऊन झालाय, सगळं ठीक आहे. म्हणजे... ठीक नाहीये. ही मुलाखत त्याचीच ना? ते शाश्वत काय ते...

पुतणी: शाश्वत विकास! कधीपासून पाठ करून घेतेय तुमच्याकडून. एवढी मोठी आंतरराष्ट्रीय संस्था, जगभरातून अर्ज, त्यातून इंटर्नशिपसाठी मोजकीच मुलं उरलीत. मी त्यात आहे ती तुमच्या रंगशाळेमुळे. वाळू-कोळशाच्या पिंपातून रंगाचं पाणी गाळलं की ते पुन्हा वापरता येतं, हेच तर माझं सगळं भांडवल.

काका: त्या पिंपाचंच बोलायचंय. तुझ्या परीक्षेच्या वेळी नमुन्याच्या बाटल्या मी भरायचो ना...

पुतणी: हो. मग?

काका: पहिली बाटली लावली पिंपाखाली. पाणी आलं गुलाबी. म्हटलं, वाळू नवी आहे, बसेल. पुढच्या खेपेलाही गुलाबी. मला वाटलं, झालं, पोरीचे मार्क गेले. इकडे डोळे फुटेस्तोवर अभ्यास करतेय आणि तिकडे आपल्या पाण्यापायी नापास व्हायची. मग मी... ती बाटली ओतून दिली. नळाचं भरलं. थोडं पिंपातलंही घातलं वर, अगदीच नितळ दिसायला नको म्हणून. नंतर तेच करत गेलो.

पुतणी: (लॅपटॉप उघडते.)

काका: बोल ना काहीतरी.

पुतणी: किती वाजले?

काका: ढमे, मी तुला काय सांगतोय!

पुतणी: ऐकलं मी.

काका: मला वाटलं होतं, कॉलेजच्या मार्कांपुरता मामला आहे. आज सकाळी तू काकूला सांगत होतीस, ही संस्था तुझ्या पिंपासारखी पिंपं गावोगावच्या रंगाऱ्यांकडे बसवणार. अगं, बायका ते पाणी धुण्याला घेतील, पोरं त्यात खेळतील. अंगावर उठतं ते. माझे हात बघ. तू सांगून टाक त्यांना. माझं नाव घे. म्हण, काका अडाणी आहे, त्याने घोळ घातला.

पुतणी: आता? आकडे गेले, अर्ज गेला. कॉलेजच्या मॅडमनी त्या आकड्यांवर विश्वास ठेवून शिफारस केली. आता काय सांगू?

काका: जे झालं ते.

पुतणी: काका, बोलावणं आलं. बाहेर जा ना, प्लीज. आणि दार ओढून घ्या.

(दार लागतं. शेजारच्या स्वयंपाकघरात काकू भाजी चिरते आहे.)

काकू: तोंड असं का झालंय? ऐन वेळी आत काय उद्योग करून आलात?

काका: काही नाही.

काकू: तुमचं 'काही नाही' मला लग्नापासून ठाऊक आहे. बोला.

काका: बाटल्यांचं सांगितलं तिला. त्या नमुन्याच्या. मी त्यात...

काकू: नळाचं पाणी भरत होतात.

काका: तुला कुणी सांगितलं?

काकू: सांगायला कशाला हवंय? माझ्याच नळावर तर भरत होतात, माझ्या पाठीमागे. भांडी घासताना मला दिसत नव्हतं होय?

काका: मग तेव्हाच का नाही बोललीस?

काकू: मला वाटलं, तिनेच सांगितलंय. प्रयोगातलं काहीतरी असेल म्हटलं. आपल्याला काय कळतंय त्यातलं! आता वाटतं, विचारायला हवं होतं. बरं, चिडली का?

काका: नाही.

काकू: रडली?

काका: नाही गं. किती वाजले म्हणाली.

काकू: भाजीत मीठ जास्त झालं तर घर डोक्यावर घेणारी पोर ती. तुम्ही तिच्या सगळ्या मेहनतीवर पाणी ओतलंत आणि तिने नुसतं किती वाजले विचारलं?

काका: घाईत होती.

काकू: परीक्षा संपल्यावर बाटल्या कोण भरायचं?

काका: मीच. तीच म्हणाली, काका, तुम्हाला छान जमतं, तुम्हीच भरा.

काकू: (सुरी खाली ठेवते.)

काका: काहीतरीच मनात आणू नकोस.

काकू: मी कुठे काय म्हटलं?

काका: आपली ढमी तशी नाही.

काकू: तशी म्हणजे कशी हो? कॉलेजात पाणी तपासायला तीच जायची ना? पिंपाशी वाकून बघायची, बाटली उजेडात धरायची. तिला कळलं नसेल? तिने विचारलं नाही, एवढंच. तुम्ही नाही सांगितलंत, मी नाही विचारलं. घरात सगळेच कसे शहाणे.

काका: दादा गेला तेव्हा एवढीशी होती. हौदाकाठी पाटावर बसवायचो आणि काम करायचो. खोटं बोलली तर दिवसभर अबोला धरायचो तिच्याशी. आणि शेवटी मीच हे शिकवलं तिला.

काकू: हळू बोला. बघा जरा, काय चाललंय आत.

काका: त्यांची भाषा मला थोडीच कळतेय.

काकू: भाषा राहू द्या, आवाज ऐका. अडखळतेय का?

काका: नाही. छान बोलतेय. हे बघ, हसले सगळे.

काकू: मग नाही सांगितलेलं.

काका: सांगेल. मुलाखत संपायच्या आत सांगेल.

काकू: देव करो... उघडलं वाटतं दार. ये गं. बस आधी.

पुतणी: घेतलं मला. म्हणजे पत्र नंतर येईल, पण बाई म्हणाल्याच, तयारीला लाग.

काकू: बरं झालं.

पुतणी: नुसतं बरं?

काकू: घाम पूस. चेहरा बघ काय झालाय.

काका: सांगितलंस का त्यांना?

पुतणी: सांगणार होते, काका. शप्पथ. अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्यांनी माझाच आलेख पडद्यावर लावला, आणि सगळे इतके खूश होते... नाही जमलं मला. मला लाज वाटतेय. तुमच्याकडे बघवत नाहीये.

काका: अगं, माझ्यावर ढकलायचं होतंस ना. मी म्हटलं होतं, माझं नाव घे.

पुतणी: घेतलं.

काका: घेतलंस?

पुतणी: त्यांनीच विचारलं, नमुने कोण घ्यायचं म्हणून. म्हटलं, माझे काका. जन्म गेलाय त्यांचा रंगाच्या कामात. इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काकू: आणि त्या काय म्हणाल्या?

पुतणी: म्हणाल्या, मग तपासायची गरज नाही.