शपथ, एक कणही गिळला नाही!

नाही, पण माळ्यावरनं तो डबा खाली आला तेव्हा मी स्वतः तिथे हजर होतो, शपथ घेऊन सांगतो, आणि तरी लोक मलाच म्हणतात की हा माणूस तिखटमीठ लावून सांगतो! अहो, जे मुळातच एवढं घाण आहे त्याला तिखटमीठ लावून करायचंय काय? एकेक शब्द खरा आहे. माझ्या मेहुण्याचं वजन एकशे ऐंशी किलो होतं... बरं, एकशे साठ... एकशे बेचाळीस! झालं समाधान? आकड्यावर जाऊ नका हो, वासावर जा. आणि आधी मला एक सांगा, जेवून आलायत ना तुम्ही? आलात? मग चुकलात.

तर हा मेहुणा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. कारखान्यात त्याला सगळे 'क्विंटल' म्हणायचे, आणि तेसुद्धा बेचाळीस किलो माफ करून! कारखाना कसला? बिस्किटांचा. आणि हा तिथे काय करायचा? चव घ्यायचा! एकोणीस वर्षं! तुम्हाला सांगतो, असली नोकरी जगात असते हे मला बहिणीच्या लग्नात कळलं आणि मी दोन दिवस जेवलो नाही, इतका जळलो. पांढरीशुभ्र खोली, तिथे अत्तर लावून जायचं नाही, कांदा खाऊन जायचं नाही, समोर बशीत नंबर लावलेली बिस्किटं, बाजूला कोमट पाण्याचा पेला, आणि प्रत्येक खुर्चीशी एक स्टीलचं भांडं. भांडं कशाला? थुंकायला! शास्त्र आहे म्हणे त्याचं. तुकडा घ्यायचा, चावायचा, जिभेवर फिरवायचा, चव कळली की भांड्यात थुंकायचं, चूळ भरायची, कागदावर लिहायचं, 'गोडी बरोबर', 'लोणी कमी', पुढचा तुकडा. दिवसाला साठ-सत्तर तुकडे. आणि आमचा क्विंटल? एकोणीस वर्षांत एकदाही थुंकला नाही! चव विभागाच्या मोठ्या बाई राउंडला यायच्या, याचं कोरडं ठणठणीत भांडं बघायच्या आणि बाकीच्यांना सुनवायच्या, "बघा जरा यांच्याकडे, किती स्वच्छ काम!"

स्वच्छ! सगळं पोटात, स्वच्छ नाही तर काय होणार?

मग व्हायचं ते झालं. जिना चढताना धाप, झोपेत श्वास बंद, गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. पोट बांधून-कापून ठेवलं एवढंसं, वाटीसुद्धा मोठी म्हणायची, आणि खालची वाट आखूड करून दिली. डॉक्टर शांत माणूस, आवाज कसा तर बँकेत फॉर्म भरून घेतात तसा: "हे बघा, आता गोड गेलं की ते थांबणार नाही, सरळ आतड्यात उतरेल. मग काय होतं ते मी सांगत नाही. तुम्हीच मला सांगायला याल."

आणि गेला हो सांगायला! सातव्या आठवड्यात. कामावर रुजू झाला, बशीत नवीन क्रीमचं बिस्किट आलं, नाकाला तो वास लागला आणि याचा हात... अर्धंच! अर्धंच खाल्लं, असं तो अजून सांगतो. दहा मिनिटांत कानशिलं तापली, शर्ट पिळून घ्यावा असा घाम, छातीत कुणी कपडे धोपटतंय असं धडधडायला लागलं, पोटात पीळ बसला आणि बाईंसमोरनं हा जो पळाला... पाऊण तास! संडासाच्या फरशीवर गाल टेकून पडला होता. फरशी गार लागत होती, एवढंच म्हणे बरं वाटत होतं. कुणाकुणाचे पाय लागलेले असतात त्या फरशीला! शी! जेवून आलायत ना तुम्ही?

त्या दिवशी त्याच्या मनात धडकी भरली. गोडाची नव्हे, गोड गिळण्याची! हा फरक लक्षात ठेवा, सगळा घोळ या फरकात आहे. दुसऱ्या दिवसापासून कामावर तो शिस्तीत थुंकायला लागला, एकोणीस वर्षांनी ते भांडं ओलं झालं, आणि बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, "तब्येत बरी नाही का?"

इकडे माझी बहीण. ती शाळेच्या कचेरीत कारकून आहे, तिला सगळ्याची नोंद लागते. भिंतीवर तक्ता लावला, रोज सकाळी वजन, पेन्सिलीनं, ग्रॅमसकट. घरातली साखर, गूळ, मध, सगळं शेजारी वाटून टाकलं. आणि स्वतः? स्वतः बिनसाखरेचा चहा सुरू केला! अहो, लहानपणी आमच्या घरी हिचा चहा झाला की कपाच्या तळाशी साखर चमच्यानं खरवडून खायची ती मुलगी! म्हणाली, "दादा, ते एकटे कसे सोडतील? आपण सोडलं तर त्यांना जोर येईल." पहिला घोट घेतला तेव्हा तिचं तोंड मी पाहिलंय. एरंडेल प्यायल्यासारखं. पण प्यायली. रोज दोनदा.

आता बघा हां. मेहुण्याची पाळी चारला सुटते, हिची शाळा सहाला. मध्ये दोन तास. घर रिकामं, जीभ रिकामी, आणि डोक्यात नुसता लोण्या-साखरेचा भुंगा. दुसरा कुणी असता तर लपून खाल्लं असतं, फरशीवर गेला असता, शहाणा झाला असता. पण याला कारखान्याचं शास्त्र येत होतं ना! याच्या मनानं काय हिशोब मांडला? की कारखान्यात दिवसाला सत्तर तुकडे चावतो, त्याला कुणी 'खाल्लं' म्हणतं का? नाही. थुंकलं ते खाल्लं नाही. मग जे कामावर खाणं नाही ते घरी खाणं कसं होईल?

पटतं की नाही? मलाही पटलं होतं, म्हणून तर भीती वाटते!

कारखान्यातून तुटकी बिस्किटं पिशवीत भरून आणायची, सव्वाचारला बेसिनपुढे उभं राहायचं, चावायचं, डोळे मिटायचे, जिभेवर फिरवायचं आणि थूः. पुन्हा एक. थूः. आठवडाभर ठीक चाललं. नवव्या दिवशी बेसिन तुंबलं. प्लंबर आला, त्यानं खालचा पाइप उघडला, आतनं मनगटाएवढी जाड, तपकिरी, बुळबुळीत वेटोळी बाहेर ओढली, ती हातात धरून उभा राहिला आणि माझ्या बहिणीला विचारतो, "ताई, घरात सिमेंटचं काम काढलंय का?"

जेवून आलायत ना तुम्ही? बसा, बसा, अजून डबा यायचाय.

बेसिन बंद झालं. मग कचऱ्यात टाकावं, तर बहीण कचरा उपसून बघायची, कुठे वेष्टन सापडतंय का म्हणून. संडासात टाकावं, तर पुन्हा तुंबलं तर? प्लंबर तोच येणार! तेव्हा यानं काढला डबा. पत्र्याचा, घट्ट झाकणाचा, पंधरा वर्षं नोकरी झाली म्हणून कंपनीनं दिलेला, वर सोनेरी अक्षरांत 'निष्ठावंत सेवेबद्दल'. त्यात थुंकायचं, झाकण लावायचं, डबा माळ्यावर बॅगांच्या मागे. रविवारी बहीण बाजारात गेली की लांब नेऊन ओतू, असं ठरवलेलं. पण रविवारी ती म्हणायची, "चला ना, तुम्हीही चाला थोडं." कारण डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं! असे तीन रविवार गेले. आणि उन्हाळा. आणि माळ्यावरचं छत पत्र्याचं.

काय सांगू तुम्हाला... आधी मुंग्या आल्या. मग मुंग्या परत गेल्या! मुंग्यांना सोसेना असा वास! बहीण नाकाला पदर लावून घरभर फिरते, "अहो, उंदीर मेलाय कुठेतरी," आणि हा तिच्यामागे फिरतोय, "हो ना, मेलाच असणार, मोठा असणार." कपाट सरकवलं, फ्रीज ओढला, गाद्या उलथल्या. मला फोन, "दादा, ये रे." मी गेलो तर दारातच रुमाल नाकाला लावला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आधीच वर आलेले, दोन्ही हात पाठीशी, नाक वर, वर्गात कुणी विडी ओढली ते शोधावं तसे. आणि म्हणाले, "हा उंदीर नव्हे. मी चौतीस वर्षं वसतिगृह सांभाळलंय. ही दारू आहे. इथे कुणीतरी दारू गाळतंय."

झालं! बहिणीचा चेहरा पांढराफटक. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आणि तुम्हाला सांगतो, त्या क्षणी त्या माणसानं जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. एकशे तेरा किलोचा माणूस, कारण तोवर वजन तिथवर आलं होतं, छाती पुढे काढून सगळ्यांसमोर म्हणाला, "हो. पितो मी!"

कल्पना करा! आयुष्यात थेंबाला न शिवलेला माणूस! पण थुंकलेलं साठवतो म्हणण्यापेक्षा दारुडा बरा, असं त्याला वाटलं. आणि खरं सांगू? मलाही वाटलं असतं.

बहीण मटकन खुर्चीत बसली. "कधीपासून?" हा म्हणतो, "हल्लीच." "कुठली?" आता याला काय माहीत कुठली! म्हणाला, "ऑरेंज." हेडमास्तर मान हलवतायत, "संत्र्याची. बरोबर. तोच वास." आणि तेवढ्यात उंदीर पकडणारा माणूस, ज्याला बहिणीनं सकाळीच बोलावलेलं आणि जो इतका वेळ शिडीवर चढून माळ्यात अर्धा आत होता, तो आतनं ओरडला, "साहेब, डबा फुगलाय एक! झाकण हलतंय!"

"हात लावू नको!" मेहुणा किंचाळला. पण लावला हो त्यानं. आणि धाडकन! झाकण छतावर आपटलं, फवारा उडाला, भिंतीवरच्या तक्त्यापर्यंत... चार महिन्यांची पेन्सिल तपकिरी झाली! हेडमास्तरांच्या चष्म्यावर! उंदीरवाल्यानं डबा तसाच खाली आणला, टेबलावर ठेवला, "ही दारू नाही साहेब," म्हणाला, आणि गॅलरीत जाऊन ओकला. मी त्याच्या शेजारी. आता विचारू का तुम्हाला? जेवून आलायत ना?

बहीण उठली. डब्यात वाकून बघितलं. तिला कळायला वेळ लागला नाही. प्लंबरची वेटोळी तिनं पाहिली होती. मेहुणा हात जोडून, "अगं, गिळलं नाही मी. तुझी शपथ, एक कणही गिळला नाही."

ती म्हणाली, "चार महिने मी तो चहा पितेय. प्रत्येक घोटाला मळमळतं मला. तुम्ही गिळलं असतं ना, तर एक वेळ मी समजले असते. चूक झाली म्हटलं असतं. पण हे... रोज घरी येऊन, ठरवून, झाकण लावून..." आणि डब्याकडे बोट केलं तिनं. "तुम्हाला सांगता नाही आलं मला, की राहवत नाही?"

मेहुणा टेबलाशी आला. मग त्यानं स्वतःच डब्यात डोकावलं, आतलं ते हिरवट, फसफसणारं पाहिलं, आणि त्याला अशी किळस आली, अशी किळस आली की गोडाची वासनाच मेली! बदली मागून घेतली खाऱ्या बिस्किटांकडे, आज तो साखरेच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही, आणि दोघं सुखात आहेत.

...

काय बघताय? बरं. बरं बाबा. सांगतो. डबा फुटला नव्हता. झाकण हातानंच निघालं, थोडा फस्स असा आवाज आला, छत स्वच्छ होतं, हेडमास्तरांचा चष्माही. पण तेवढ्याला तुम्ही हसलात, ते राहू दे. प्लंबर खरा, डबा खरा, "पितो मी" खरं, बहीण जे बोलली ते अक्षर न् अक्षर खरं. मी रचलं ते त्याच्या पुढचं. किळस. किळस त्याला आलीच नाही!

आम्ही सगळे ओकत होतो आणि हा डब्यात वाकला, एकोणीस वर्षांच्या नजरेनं बघितलं आणि हळूच म्हणाला, "वरचे दोन थर ऑरेंजचे. मधलं चॉकलेट. आणि खाली ते नारळाचं... ते बंद झालं हो आता." आणि त्याचा घसा हलला. मी पाहिलं. बहिणीनंही पाहिलं.

तिनं डबा उचलला, स्वतः खाली नेऊन ओतला, घासला, आणि वर येऊन म्हणाली, "राहवत नसेल तर माझ्यासमोर." तेव्हापासून ती आली की रोज संध्याकाळी एकच तुकडा. तो चावतो, डोळे मिटून, आणि ही शेजारी वाडगा धरून उभी, तोंड दुसरीकडे फिरवून. मग म्हणते, "पुरे." तो थुंकतो. ती धुते. डॉक्टरांना सांगितलंय, ते म्हणाले हळूहळू कमी करा. हळूहळू म्हणजे किती, ते बोलले नाहीत.

परवा मी नेमका त्याच वेळी गेलो. दारातनंच मागे वळणार होतो, तर बहीण तशीच वाडगा धरून म्हणाली, "दादा, उंबऱ्यात काय उभा राहिलास? आत ये, बस. व्हायचंय अजून त्यांचं."

बसलो. सख्खी बहीण आहे हो, जाणार कुठे?