आकाशापुरती काच

बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडलेले म्हातारे फोटोग्राफर लेकीसोबत स्टुडिओच्या काउंटरशी उभे होते. मागे आपल्या फोटोंची वाट पाहत बसलेल्या एका शिक्षिकेला सगळं ऐकू येत होतं.

"भिंतीवर लावायला आईचा हाच फोटो, बाबा? चेहरा काळा पडलाय."

"लेन्सपुढे अर्धी काळी काच लावली होती, आकाश पांढरं पडू नये म्हणून. तिचं डोकं नेमकं काळ्या भागात आलं."

"दुसरा एखादा बघा ना, काका," स्टुडिओवाला म्हणाला.

"बाकी सगळे नुसत्या डोंगरांचे आहेत. यातूनही ती बाजूला होत होती. मीच म्हटलं, थांब, डोंगराची उंची कळायला कुणीतरी हवं."

"चेहरा उजळतो मी. पण मागचं आकाश पांढरंफटक पडेल."

"बाबा, याच आकाशाला बक्षीस मिळालं होतं तुम्हाला."

"पडू दे."