निळी बोट

बर्मिंगहॅमकडे जाणाऱ्या बोटींची कालव्याच्या दरवाजापाशी रांग लागली होती. काठावर विणत बसलेल्या मर्टलच्या कानावर पुढच्या दोघांचं बोलणं पडत होतं. एक म्हातारी होती आणि एक सोनेरी नांगराची टोपी घातलेला नवखा.

"कॅप्टनसाहेब, बांधलेल्या बोटींजवळून जाताना वेग कमी करतात."

"केला होता की, आजीबाई."

"डोंबल केला! तुमच्या लाटांनी माझ्या बोटीची खुंटी उपटली, चहा मांजराच्या अंगावर सांडला."

"मग खुंटी नीट ठोकायची. मी बांधलेली बोट तसूभर हलत नाही. आणि तुमच्यातल्या एकानेही मला हात केला नाही. काही रीतभात?"

"ती मागची निळी बोट तुमचीच ना?"

"माझीच. का?"

"दोर सुटून निघालीय. तुम्ही नसलात की कशी शहाण्यासारखी सावकाश जाते बघा!"