उशिरा पोचलेलं ‘हो’

राऊटर बदलायला दुकानात आलेल्या शिक्षिकाबाईंच्या पुढे रांगेत एक जोडपं होतं. नवरा डोंगरातल्या खाणीवर कामाला. तिथे नेट फक्त उपग्रहावरून. दुकानदाराने दोन कंपन्यांची पत्रकं पुढे टाकली आणि भांडणाला तोंड फुटलं.

“आहे तीच कंपनी चालू ठेवू,” नवरा म्हणाला.

“तिचा उपग्रह फार उंचावर. बोललेलं उशिरा पोचतं. दुसरीचे खाली आहेत, लगेच ऐकू येतं. हो ना, दादा?”

“हो वहिनी, पण तिच्या डिशला चहूबाजूंनी मोकळं आकाश लागतं.”

“ऐकलंस? आमच्याकडे डोंगर आड येतो. आणि क्षणभर उशीर झाला तर काय आभाळ कोसळतं?”

“माझ्यावर कोसळलं. गेल्या महिन्यात मी विचारलं, जेवलास का? तू गप्प. मग विचारलं, मी माहेरी निघून जाऊ का? लगेच तुझं ‘हो’ आलं.”

“अगं, ते जेवणाचं होतं!”

“मी फोन ठेवून बॅग भरली.”

“दुसरा प्रश्न मला मागाहून ऐकू आला. बोलणार, तोवर तू फोन ठेवलेला.”

“म्हणजे ऐकू आला होता.”

“...आला होता.”

“मग परत का नाही लावलास?”

“इथे नको ना. लोक बघतायत.”

“बघू देत. आता हातभर अंतर आहे, मध्ये एकही उपग्रह नाही. सांग, जाऊ का?”

त्याने पत्रक उलटं केलं, सुलटं केलं.

“चला, पुढे कोण?” दुकानदार घाईघाईने म्हणाला.

नंबर शिक्षिकाबाईंचाच होता. त्या जागच्या हलल्या नाहीत.