सूर्याले करंट कुठून?

माणूस पाहावा तर आमच्या मनोहर काकाजीसारखा! वीज खात्यातून रिटायर झाल्यापासून ते आमच्या देवळी गावात एकच सांगत, "सूर्य बाहेरच्या करंटवर चालते." परवा हेच सांगायले ते मले संगं घेऊन पुतणीच्या कॉलेजात गेलते. पुतणी सुनंदा तिथं फिजिक्स शिकवते. काकाजींनी काचेच्या नळीतल्या वायूत वीज सोडायले लावली, तसा त्या वायूचा प्लाझ्मा होऊन गुलाबी चमकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"पाह्यलं? सूर्य असाच पेटते!" काकाजी म्हणाले.

सुनंदा हळूच म्हणाली, "काकाजी, विजेनं वायू चमकते, एवढंच नळीनं दाखवलं. सूर्याले करंट बाहेरून येते, हे कुठं दाखवलं?"

मले वाटलं, आता काकाजी चिडतात. पण भरल्या वर्गासमोर ते म्हणाले, "पोरांनो, मॅडमचं बरोबर आहे. माह्यापाशी पुरावा नाई." अन् पोरांमधी बाकावर जाऊन बसले. "सुनंदा, सूर्य कसा चालते, ते आता तू शिकव."