गणपतभाऊची ग्रेड

तुम्ही हसान, पण माह्या पयल्या चित्राची ग्रेड एका शेतकऱ्यानं लावली.

दिग्रसच्या कापूस खरेदीवर तीस वर्षं मी ग्रेडर होतो. गाडीतून मूठभर कापूस ओढायचा, बोटांनी चोळायचा, नाक मुरडायचं. "ओला हाये. दुसरी ग्रेड." शेतकरी विनवायचे, "साहेब, एक डाव आखीन पाहा ना!" मी ओरडायचो, "पुढची गाडी!"

बोंडअळीच्या साली खरेदी बंद पडली अन् मी ब्रश हाती घेतला. फुटल्या कापसाचं शेत रंगवलं, ओट्यावर वाळत ठेवलं. तेवढ्यात गणपतभाऊ आला. त्याच्या कापसाले मी कधी पयली ग्रेड देल्लीच नव्हती. त्यानं चित्रावर बोट घासलं, नाक मुरडलं.

"ओला हाये. दुसरी ग्रेड."

मी कळवळून म्हटलं, "गणपतभाऊ, एक डाव आखीन पाहा ना!"

"पुढची गाडी!"