बसच्या कडेने

बाबा : कुलूप घातलंय सायकलीला. किल्ली माझ्या खिशात आहे. विषय संपला.

लेक : मी काय शाळेत जाते का, बाबा? सकाळी वॉर्डात वेळेवर पोचले नाही, तर मोठ्या सिस्टर माझं डोकं खातात.

बाबा : बसने जा. बाप बस चालवतो आणि लेक सायकल हाणते!

लेक : तुमची बस चौकात रुतून बसते, तिला मी काय करू?

बाबा : थट्टा पुरे. आज आमच्या डेपोतल्या एकाच्या बसखाली सायकलवाला आला. वळताना. याला पत्ताच नाही. खड्डा असेल म्हणाला. लोक ओरडले तेव्हा थांबला. अजून डेपोत बाकावर बसलाय.

लेक : आणि तो सायकलवाला?

बाबा : गेला.

लेक : ...मलाही भीती वाटते हो. मोटारी अंगाला घासून जातात, हँडल लटपटतं. म्हणून तर मी... रागावणार नाही ना?

बाबा : बोल.

लेक : पुलापासून मी तुमच्या बसच्या कडेने येते. फुटपाथच्या बाजूला, दाराच्या जरा मागे, अगदी बसला खेटून. तिथे दुसरी गाडी घुसत नाही. म्हटलं, बाबा आहेत, मग कसली काळजी.

बाबा : कुठे म्हणालीस?

लेक : दाराच्या मागे. असं काय विचारता? वळणावर माझ्यासाठीच तर थांबता. हॉर्न देता, मी हात करते. घरी तुम्ही कधी विषय काढला नाहीत, मग मीही नाही काढला. आपलं दोघांचं गुपित.

(बाबा खुर्चीचा हात धरून सावकाश खाली बसतात.)

बाबा : वळणावर शाळा आहे. तिथे मी रोजच थांबतो. हॉर्न पोरांसाठी देतो.

लेक : पण आरशात...

बाबा : आरशात तेवढीच जागा दिसत नाही गं. वळताना मागचं चाक तिथूनच जातं.

लेक : म्हणजे इतके दिवस...

बाबा : मला वाटायचं, तू मागच्या गल्लीने जातेस. मी तुला एकदाही पाहिलं नाही.

लेक : मी रोज हात करत होते, बाबा.